हिबिंग की एर्झबर्ग: लोखंडाची उघडी खाण पाहायची तर कोणती?

औद्योगिक वारसा म्हणून लोहखनिजाची एखादी अवाढव्य उघडी खाण पाहण्याची इच्छा असणाऱ्यांपुढे दोन नावे हमखास येतात: अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हिबिंग येथील हल-रस्ट-महोनिंग खाण आणि ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातील आइझेनएर्झ गावाजवळचा एर्झबर्ग. दोन्ही ठिकाणी खोदकाम पूर्ण इतिहासजमा झालेले नाही आणि हिवाळ्यात दोन्हीकडे फारसे काही पाहता येत नाही. साम्य येथेच संपते. एका ठिकाणी जमीन खोदून दरी झाली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी अख्खा डोंगर वरून खाली सोलत आणला आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची जागाही बदलते.

हिबिंगला आपण काठावर उभे राहतो. १८९५ मध्ये सुरू झालेल्या तीसहून अधिक लहानमोठ्या खाणी वाढत वाढत एकमेकींत मिसळल्या आणि त्यांतून पाच किलोमीटरहून लांब, सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरहून खोल असा एकच खड्डा तयार झाला. मेसाबी या मिनेसोटातील लोहखनिजाच्या पट्ट्यातील हे खनिज पृष्ठभागाच्या जवळ आणि मऊ होते, त्यामुळे भुयारे न खणता वरची माती काढून ते वाफेवर चालणाऱ्या यंत्रफावड्यांनी थेट रेल्वेच्या डब्यांत भरता येत असे. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्यापर्यंतच्या भरभराटीच्या काळात अमेरिकेत निघणाऱ्या लोहखनिजाचा सुमारे चौथा हिस्सा येथून जात होता. १९६६ मध्ये या खाणीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. उत्तम प्रतीचे खनिज सरल्यावर टॅकोनाइट हा कठीण आणि कमी लोहांशाचा खडक दळून, त्यातील लोह चुंबकाने वेगळे करून गोळ्या बनवण्याचे तंत्र आले, आणि १९७६ पासून खाणीचा नवा अध्याय त्यावरच चालला आहे.

असे असले तरी केवळ खड्डा पाहायला हिबिंगला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निरीक्षणस्थळावरून दिसणारे दृश्य भव्य असते, पण अंतर इतके असते की खालचे प्रचंड डंपर ठिपक्यांएवढे वाटतात आणि अर्ध्या तासात पाहण्यासारखे काही उरत नाही. पाहण्यासारखे आहे ते गाव. १८९३ मध्ये वसलेल्या मूळ हिबिंगच्या खालीच खनिज सापडले. जमिनीवरची घरे लोकांची असली तरी जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कंपनीकडे होते, आणि १९१९ पासून दोन वर्षांत सुमारे दोनशे इमारती ओंडक्यांवरून ओढत तीनेक किलोमीटर दक्षिणेला अॅलिस या वस्तीच्या जागी नेण्यात आल्या. सेलर्स हे हॉटेल मात्र वाटेतच कोसळून भुईसपाट झाले. धरणांसाठी आणि खाणींसाठी गावे उठलेली आपण पाहिली आहेत, पण इमारतींसकट उठलेले गाव विरळाच.

या स्थलांतराच्या बदल्यात गावाने काय मिळवले, हे हिबिंगच्या हायस्कूलमध्ये दिसते. १९२० ते १९२३ दरम्यान, खाणींवरील कराच्या बळावर, जवळपास चाळीस लाख डॉलर खर्चून ती इमारत उभी राहिली. तिच्या सुमारे अठराशे आसनांच्या नाट्यगृहात बोहेमियन काचेची झुंबरे आहेत. प्रसिद्ध गायक-गीतकार बॉब डिलन याच शाळेचा विद्यार्थी. खाणकामगारांना अॅलिसपर्यंत नेण्यासाठी १९१४ मध्ये कार्ल विकमन या स्वीडिश स्थलांतरिताने सुरू केलेल्या मोटारसेवेतून, जिचे भाडे पंधरा सेंट होते, पुढे ग्रेहाउंड ही देशव्यापी बस कंपनी उभी राहिली. खड्ड्यातून निघालेल्या पैशाचे काय झाले, याचा इतका स्पष्ट हिशेब क्वचितच कोठे पाहायला मिळतो.

एर्झबर्गची गोष्ट उलटी आहे. तेथे गाव जागच्या जागी राहिले आणि डोंगर खाली आला. मूळ १,५३२ मीटर उंचीचे शिखर आता साधारण १,४६५ मीटरवर आहे आणि सुमारे चोवीस मीटर उंचीच्या टप्प्यांमुळे सारा डोंगर नदीकाठच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांचा, गंजाच्या रंगाचा दिसतो. मागे आल्प्सची करडी शिखरे असल्याने तो रंग अधिकच उठून दिसतो. खाणकामाची परंपरा इसवी सन ७१२ पर्यंत मागे नेली जाते, लेखी उल्लेख बाराव्या शतकातला आहे. येथील खनिज सिडेराइट, म्हणजे लोहाचे कार्बोनेट. लोहांश जेमतेम एक तृतीयांश. तरीही ते लिंझ आणि डोनाविट्झच्या भट्ट्यांना पुरवले जाते. याच दोन ठिकाणांच्या आद्याक्षरांवरून ‘एलडी’ म्हटले जाणारे, शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद बनवण्याचे तंत्र १९५२-५३ मध्ये तेथे उत्पादनात उतरले आणि भारतात ते प्रथम राउरकेल्याच्या कारखान्यात आले. पोलाद उद्योगात काम केलेल्या वाचकांना एवढे कारणही पुरेसे वाटेल.

येथे पर्यटक काठावर थांबत नाही. ८६० अश्वशक्तीच्या, माणसांना बसण्यासाठी बदललेल्या डंपरमधून टप्प्याटप्प्याने डोंगरावर नेले जाते, आणि खाणीच्या छोट्या गाडीने सुमारे दीड किलोमीटर आत जाऊन १९८६ मध्ये बंद झालेली भुयारी खाणही पाहता येते. आत उन्हाळ्यातही चांगलीच थंडी असते, स्वेटर न्यावा. मुले बरोबर असतील तर हिबिंगचा विचारच करू नये. मात्र या सादरीकरणात थोडा मनोरंजन उद्यानाचा वास येतो, आणि दुसऱ्या महायुद्धात येथे राबवलेले सक्तमजूर किंवा एप्रिल १९४५ मध्ये जवळच्या प्रेबिख्ल खिंडीत मारले गेलेले सुमारे दोनशे हंगेरियन ज्यू यांचा इतिहास त्या डंपरच्या फेरीत कळत नाही. तो आधी वाचूनच जावा.

प्रवासाचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. मिनियापोलिसच्या परिसरात नातेवाईक असतील, तर हिबिंग साधारण तीनशे किलोमीटरवर आहे; स्वतःची गाडी हवी आणि मे ते सप्टेंबर हा काळ बरा. त्याच मुक्कामात मिनेसोटातल्याच सूडान या गावाची जमिनीखाली सातशे मीटरवर नेणारी जुनी लोखंडाची खाण जोडली, तर एर्झबर्गच्या तुलनेत राहणारी भुयाराची उणीवही भरून निघते. भारतातून मुद्दाम एकाच ठिकाणासाठी निघायचे असेल, तर मी एर्झबर्ग सुचवीन. व्हिएन्नाहून लेओबेनपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास आणि पुढे बस, असा मार्ग सोपा आहे. हंगाम मे ते ऑक्टोबर असतो. जागा आधी राखून ठेवावी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला येथे एर्झबर्ग रोडिओ ही मोटारसायकलींची शर्यत भरते. तिची आवड नसेल तर तो आठवडा टाळावा, कारण गावात राहायला खोली मिळणे कठीण जाते. एक रात्र हाताशी असेल, तर दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून फोर्डेर्नबेर्गला जावे, तेथे संग्रहालय म्हणून जपलेली जुनी झोतभट्टी आहे.