डोंगरातल्या शहरात स्थायिक होण्याआधीचे ‘चाचणी वास्तव्य’: एका सेवेचे परीक्षण

मैदानी भागातले बस्तान हलवून डोंगरातल्या एखाद्या छोट्या शहरात कायमचे राहायला जावे की नाही, या विचारात असलेल्यांसाठी ‘चाचणी वास्तव्य’ घडवून आणणाऱ्या सेवा आता मिळू लागल्या आहेत. शुल्क भरले की काही आठवड्यांसाठी सुसज्ज घर, कामासाठी वेगळी खोली, इंटरनेट, गावाची ओळख करून देणारा एक मार्गदर्शक आणि शेवटी नोकरी, घर व राहणीमान या तीन बाबींवरचा लेखी अहवाल, एवढे सारे एकत्र मिळते. मी घेतलेली सेवा घर आणि हवामान यांची पारख करण्यासाठी उत्तम आहे. नोकरीच्या बाबतीत मात्र ती जेमतेम उपयोगी पडते. म्हणून ज्यांच्या कामाचा प्रश्न आधीच सुटलेला आहे, त्यांनीच ती घ्यावी आणि तीही पर्यटकांची पाठ वळल्यानंतरच्या महिन्यांत घ्यावी, असे माझे मत आहे.

घराविषयी आधी सांगतो, कारण सेवेची खरी ताकद तिथेच आहे. उंची वाढत जाते तसे तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण एकाच गावातल्या दोन घरांमध्ये किती फरक पडू शकतो, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे तळातले घर उतारावरच्या घरापेक्षा अधिक गारठते. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. त्यातच उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यातले ऊन जेमतेम पोचते. मार्गदर्शकाने ही गोष्ट नुसती सांगितली नाही, तर सकाळी दोन्ही प्रकारची घरे आतून दाखवली, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. तळातल्या घरात एकेरी काचेच्या खिडकीवर आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ होते आणि कपाट पुढे ओढल्यावर मागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके दिसले. कितीही छायाचित्रे पाहिली तरी ही माहिती मिळाली नसती. पाणी गोठताना साधारण ९ टक्के प्रसरण पावते आणि बंद नळीत बर्फ धरला की नळी फुटते, त्यामुळे घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि घर बंद ठेवताना नळ्या कशा रिकाम्या करायच्या, याचे प्रात्यक्षिकही त्याने दिले.

सरपणाची व्यवस्था मात्र निराशाजनक होती. शेगडीसाठी लाकूड पुरवणे करारात होते आणि ते भरपूर दिलेही. पण ते ओले होते. चांगले जळण्यासाठी लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतो आणि तेवढे वाळायला बऱ्याच लाकडांना वर्षभर तरी जावे लागते. वाळलेले दोन ओंडके एकमेकांवर आपटले की खणखणतात, ओले नुसते धपकतात. आमच्या वाट्याचे सगळे धपकणारे निघाले आणि परिणामी उबेपेक्षा धूरच जास्त मिळाला. तक्रार केल्यावर लाकूड बदलून दिले, परंतु कडाक्याची थंडी हाच ज्या अनुभवाचा गाभा आहे, तिथे ही चूक किरकोळ मानता येत नाही.

नोकरीविषयीचा अहवाल सेवेची कमकुवत बाजू आहे. पर्यटनावर जगणाऱ्या बहुतेक डोंगरी शहरांत कामे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात: हंगामी कामे, शाळा-रुग्णालय-पालिका यांसारख्या संस्थांतल्या मोजक्या कायम जागा आणि दूरस्थ काम. अहवालात हंगामी कामांची लांबलचक यादी होती. हंगाम संपल्यावर त्या माणसांचे काय होते, याबद्दल एक ओळही नव्हती. जोडीदाराला त्याच गावात कोणते काम मिळू शकेल, हा स्थलांतराचा बेत उधळू शकणारा प्रश्न तर विचारलाच गेला नाही. दूरस्थ कामाची चाचणी मात्र कसून होते. इंटरनेटचा डाउनलोड वेग सगळेच सांगतात, पण बैठकीत आपला आवाज नीट पोचतो तो अपलोडच्या वेगावर. शिवाय फायबरची आणि विजेची तार एकाच रस्त्याच्या कडेने आली असेल, तर एक दरड कोसळताच दोन्ही एकदम जातात. पर्याय म्हणून उपग्रह घ्यायचा झाल्यास भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न पोचून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि संभाषणात माणसे एकमेकांना तोडत बोलू लागतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांत ही अडचण फारशी येत नाही. मार्गदर्शकाने दोन्ही जोडण्या वापरून पाहू दिल्या.

राहणीमानाबद्दल थोडक्यात लिहितो. साधारण २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास पाचव्या हिश्शाने कमी असतो आणि पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे प्रेशर कुकरविना डाळी शिजायला फार वेळ लागतो. सुरुवातीला झोप उथळ लागू शकते आणि चढावर धाप लागते. सेवा नोंदणीच्या वेळीच प्रकृतीची माहिती मागते आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच यायला सांगते, हे योग्यच आहे. रस्ता बंद असताना तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत कसे पोचायचे, याचे उत्तर मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

शेवटची बाब हितसंबंधांची. ‘स्थानिक रहिवाशांशी गप्पा’ या कार्यक्रमात भेटलेल्यांपैकी बरेच जण घरे भाड्याने देणारे किंवा त्या व्यवहारात दलाली करणारे होते आणि करारातल्या बारीक अक्षरांत सेवेला अशा व्यवहारांवर कमिशन मिळते असे नमूदही आहे. लबाडी म्हणावी असे यात काही नाही, पण ऐकलेल्या गोष्टींना तेवढी वजावट लावावी. पर्यटकांना रोजच्या दराने घर देणे मालकाला अधिक फायद्याचे असल्यामुळे अशा शहरांत बारमाही भाडेकरार मिळणे अवघड असते; बरेच मालक हंगामापुरते घर रिकामे करण्याची अट घालतात. या अटीचा विषय त्या गप्पांमध्ये कोणीही आपणहून काढला नाही. किराणा दुकानातल्या मदतनीसाने आणि शाळेच्या बसचालकाने ती पहिल्याच बोलण्यात सांगितली.

नोंदणी करताना संकेतस्थळ पर्यटनाच्या ऐन हंगामातल्या तारखा आधी दाखवते. त्या सोडून हंगामानंतरचा महिना मागितला तर तो मिळतो, शुल्कही कमी लागते आणि हवामानामुळे रस्ता बंद झाल्यास तारखा पुढे ढकलण्याची मुभाही देतात. मात्र ही मुभा छापील अटींमध्ये नसल्याने पैसे भरण्यापूर्वी ती लेखी मागून घ्यावी.