आयएलओची व्यवसायजन्य आजारांची यादी: सांगाडा भक्कम, जोडकाम आपलं

राष्ट्रीय यादी सुधारायची तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) शिफारस क्र. १९४ ची २०१० मधली सुधारित यादी समोर ठेवावीच. तिची खरी ताकद गटांच्या शेवटच्या ‘खुल्या’ नोंदींत आहे: नाव नसलेला आजारही, कामातल्या घातक घटकांच्या संपर्काशी थेट संबंध सिद्ध झाला की त्यात बसतो. राष्ट्रीय यादीशी जुळवणी करताना नेमकी हीच ओळ गाळली जाते आणि भरपाईचे दावे अडतात.

यादीतली नोंद २.३.७ बघा. कार्पल टनेलसोबत (मनगटातली नस दाबली जाण्याचा आजार) कारणंही दिलीत: दीर्घकाळ तेच ते जोराचं काम, कंपन, मनगटाची टोकाची ठेवण. नुसतं नाव उतरवलं तर डॉक्टर तपासणार काय?

उणीव एकच, पण मोठी. संपर्काची किमान पातळी आणि सुप्तकाळ (संपर्कापासून आजार दिसेपर्यंतचा काळ) यादीत नाहीत. ते निकष वेगळे जोडा. मेसोथेलिओमा (अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग) कित्येक दशकांनी उमटतो, म्हणून दाव्याची मुदत निदानापासूनच मोजा.