घरावरचं सोलर आणि परसातला गोबरगॅस : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरावर सोलर बसवलं. ५४० वॅटची सहा पॅनेलं, म्हणजे तीन किलोवॅटच्या थोडं वर. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. दोन घनमीटरचा गोबरगॅस परसात आधीपासून आहेच. मुद्दाम पावसाळा आणि थंडी पाहून मग लिहितोय.

स्वच्छ उन्हात दिवसाला १३ युनिट येतात. जुलैत पाऊस लागून राहिला की तीन-चार. एके दिवशी तर जेमतेम दीड. मे महिन्यात ऊन कडक म्हणून वीजही जास्त, हा समज मात्र चुकीचा निघाला. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी पॅनेलला हात लावता येत नाही. या फेब्रुवारीचे आकडे मेपेक्षा चांगले आहेत.

खरा फटका बसला तो सावलीचा. बसवणारे एप्रिलमध्ये आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. "सावली येत नाही," म्हणाले, आणि त्या दिवशी ते खरंही होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला आणि नैर्ऋत्येच्या माडाच्या एकाच चुडताची, म्हणजे झावळीची, सावली रोज साडेतीनला दोन पॅनेलांवर आडवी पडायला लागली. पॅनेलं एका माळेत जोडलेली, त्यामुळे दोघांची सावली सगळ्यांना भोवते. मोबाईलवरच्या आलेखात त्या वेळी सरळ खड्डा दिसायचा. माड तोडायला आई तयार नव्हती, आणि मलाही ते पटत नव्हतं. शेवटी ती दोन पॅनेलं पूर्वेच्या कडेला सरकवून घेतली, पदरचे पैसे घालून. तुमच्याकडे माड-पोफळी असतील तर थंडीतली दुपारची सावली कुठवर येते, ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट आम्हाला कोणी नीट सांगितलीच नव्हती. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. आपली वीज लाईनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, आपोआप थांबतो. ते योग्यच आहे. पण गणेश चवथीच्या आदल्या दिवशी लाईनवर झाड पडलं आणि घर काळोखात गेलं, तेव्हा फार जड गेलं. नेवऱ्या (करंज्या) तळून झाल्या त्या गोबरगॅसवर.

त्या गॅसचं पावसाळ्यात बघावं लागतं. नळीत पाणी साचलं की ज्योत फडफडते; ते काढून टाकलं की पुन्हा निळी होते. शेण कालवायच्या टाकीवर पत्रा हवाच, नाहीतर पावसाचं पाणी शिरून काला पातळ होतो आणि गॅस कमी धरतो. मळी थेट कुळागरात जाते, पोफळींना.

पुढच्या पावसाआधी लाईट गेल्यावरही सोलर आणि बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा विचार आहे. विहिरीचा पंप त्यावर ओढणार नाही, पण दिवे, पंखे आणि फ्रिज चालला तरी पुरे.