सफोकमधलं विटांचं जुनं फार्महाऊस : दहा महिने राहून झाल्यावर

गेल्या सप्टेंबरात आम्ही पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं हे घर भाड्यानं घेतलं. लाकडी सांगाडा 17व्या शतकातला, पुढची विटांची भिंत नंतर चढवलेली. अख्खा हिवाळा इथे काढलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

दार उघडलं की दोन पावलांवर समोर विटांची भिंत! पहिल्या दिवशी गोंधळायला झालं. ती मधल्या धुराड्याची बाजू. घराच्या ऐन मध्यात हा भला थोरला खांब, त्यात पाठीला पाठ लावून दोन चुली. एक स्वयंपाकघराकडे, एक बैठकीकडे. जिना धुराड्याच्या मागे. त्या काळी पूर्व इंग्लंडमधल्या कितीतरी शेतघरांची मांडणी अशीच झाली. शहाणपण डिसेंबरात कळलं. दारातून आलेला वारा धुराड्यावर अडतो, थेट खोलीत घुसत नाही. चुलीतल्या शेगडीत रात्री लाकडं घातली की सकाळी विटांना हात लावावा, अजून कोमट असतात. वरच्या मजल्यावर धुराड्याला लागून असलेली खोली मुलांना दिली, ती सगळ्यांत उबदार. टोकाच्या खोल्या मात्र गारठतात. खिडक्या एकेरी काचेच्या आणि घर जुन्या वारसा-इमारतींच्या संरक्षित यादीत, त्यामुळे बदलायच्या तर परवानगी हवी.

पुढच्या भिंतीवर माझा जीव आहे. एकाच थरात विटेची लांब बाजू, मग आखूड बाजू म्हणजे तोंड, पुन्हा लांब बाजू. तोंडं किंचित काळसर भाजलेली, त्यामुळे संध्याकाळच्या उन्हात भिंतीवर नक्षी उमटते. विटा जेमतेम अडीच इंच जाड. 1784 साली विटांवर नगाप्रमाणे कर बसल्यावर काही ठिकाणी मोठ्या विटा पाडू लागले. आमची भिंत त्याआधीची असावी.

आता दुखणं. पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा पूर्वी कुणीतरी सिमेंटनं भरल्या होत्या. दरजांतला मूळचा चुना विटेपेक्षा मऊ, भिंतीतली ओल दरजांतून बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल विटेतच साठते आणि गोठली की विटेचा बाहेरचा थर फुटतो. जानेवारीत कडक थंडीच्या सकाळी भिंतीखाली लाल भुगा पडलेला असायचा, आत कपाटामागे बुरशी. फार वाईट वाटायचं. साताऱ्याकडच्या आमच्या वाड्याचं हेच झालं होतं: चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि पुढच्या पावसाळ्यात ओल आतून फुटली.

घरमालकांनी एप्रिलमध्ये गवंडी बोलावला. त्यानं मशीन न लावता छिन्नीनं हळूहळू सिमेंट काढलं, चुना-वाळू भरली आणि उन्हा-वाऱ्यानं लवकर सुकू नये म्हणून ओली गोणपाटं टांगली. काम रेंगाळलं, खर्चही झाला. पण जूनपर्यंत आतली भिंत हाताला कोरडी लागू लागली.

खरी परीक्षा येत्या जानेवारीत. भाडेकरार आम्ही वर्षभरानं वाढवला आहे.