दिनविशेषाचं अ‍ॅप: माहिती ढीगभर, 'का' मात्र विचारू नका

रोज सकाळी आजच्या तारखेला काय काय घडलं ते सांगणारं अ‍ॅप बरेच दिवस वापरतोय, नाव नाही घेत, असली अ‍ॅप्स पैशाला पासरी आहेत आणि सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. ५ पैकी ३ स्टार.

आधी चांगलं. दिसायला स्वच्छ आहे, गुलाबाची फुलं आणि चमचमणारी अक्षरं नाहीत हेच खूप झालं. जन्म, मृत्यू, घटना, जागतिक दिन असे वेगवेगळे टॅब आहेत, फॉन्ट मोठा करता येतो, नेट नसलं तरी चालतं.

आता १४ मार्च उघडून बघा. आइन्स्टाइनचा जन्म १८७९, कार्ल मार्क्सचा मृत्यू १८८३, 'आलम आरा' म्हणजे भारतातला पहिला बोलपट रिलीज झाला १९३१, स्टीफन हॉकिंग गेले २०१८. सगळं बरोबर! वर आइन्स्टाइन आणि हॉकिंग दोघंही ७६ व्या वर्षी गेले हा योगायोगही लाल चौकटीत दिलाय, असलं काही असलं की यांना भारी उत्साह येतो.

पण त्याच पानावर 'आज पाय दिन' एवढीच ओळ. हा पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, साधारण ३.१४. अरे पण का? अमेरिकेत आधी महिना मग दिवस लिहितात, म्हणून ३/१४, म्हणजे ३.१४, आणि हा दिवस १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम म्युझियममध्ये लॅरी शॉ यांनी सुरू केला, दोन ओळींचं काम होतं. आपण आधी दिवस लिहिणारे, आपल्या हिशोबाने १४/३ मध्ये पाय कुठेच दिसत नाही. आपल्याला जवळचा दिवस २२ जुलै, २२/७, आणि गंमत म्हणजे २२/७ ही किंमत ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ जाते. तो दिवसही लोक साजरा करतात पण अ‍ॅपमध्ये २२ जुलैला त्याचा पत्ताच नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला, तोही अ‍ॅपमध्ये वेगळ्या टॅबमध्ये असा टाकलाय की जणू पाय दिनाशी त्याचा काही संबंधच नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते न्यूटनपाशी. २५ डिसेंबर १६४२ ला जन्म, आणि पुढे ४ जानेवारी १६४३ ला परत जन्म! दोन्ही बरोबर आहेत हो, तेव्हा इंग्लंडात जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि ते आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियनपेक्षा १० दिवस मागे होतं, पण हे कुठेतरी लिहा ना, वाचणाऱ्या पोराला वाटणार की माणूस दोनदा जन्माला आला. रशियाच्या ऑक्टोबर क्रांतीचंही तेच, ती ७ नोव्हेंबरला दिसते आणि खाली एक शब्द नाही.

जाहिराती सहन होतात. शेअर केलं की फोटोवर यांचा भलामोठा लोगो येतो, तो काढायला प्रीमियम घ्या म्हणे. मी नाही घेतलं आणि तुम्हीही घेऊ नका, फ्रीमध्ये मिळतं तेवढं पुरे, आणि मुलांना भाषणाला किंवा फळ्यावर लिहायला माहिती हवी असेल तर इथून फक्त तारीख उचला, बाकीचं दुसरीकडे शोधा.