खुब्याचं ऑपरेशन: नेव्हिगेशन की नेहमीची पद्धत?
आईचा खुबा बदलताना नेव्हिगेशन (ऑपरेशन चालू असताना कोन दाखवणारी कॉम्प्युटरची मदत) घ्यायचं का विचारलंस, तर ऐक. अचूकतेत नेव्हिगेशन पुढे. कप, म्हणजे कृत्रिम सांध्याची वाटी, साधारण 40 अंश कलता आणि 15 अंश पुढे वळलेला बसवतात, नेहमीच्या पद्धतीत सर्जन हाडाच्या खुणांवरून अंदाज घेतो पण टेबलावर पेशंट जरा कलंडला की तो चुकू शकतो, नेव्हिगेशनमध्ये कॅमेरा आणि ट्रॅकर (हाडाची जागा कॅमेऱ्याला दाखवणारं छोटं साधन) कोन स्क्रीनवर दाखवतात. खर्च, वेळ दोन्ही जास्त, शिवाय ट्रॅकरसाठी बऱ्याचदा कमरेच्या हाडात पिना बसवतात. सांधा जास्त वर्षं टिकतो हे मात्र अजून ठामपणे सिद्ध नाही. मणक्याचं फ्युजन (मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन) झालंय किंवा खुबा जन्मतःच वेडावाकडा असेल तर नेव्हिगेशन घ्या. साधी झीज असेल तर नेहमी हीच ऑपरेशनं करणारा सर्जन शोधा, मशीन नसलं तरी चालेल.