बंद झालेल्या ब्रिटिश कंपनीतले पैसे सोडवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

इंग्लंडमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून आयटीत कॉन्ट्रॅक्टवर काम केलेले बरेच मराठी लोक आता परत आले आहेत. त्यातल्या ज्यांची कंपनी 'स्ट्राइक ऑफ' झाली, म्हणजे सरकारी रजिस्टरमधून काढली गेली, आणि खात्यात पैसे अडकले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याची रेडिंगला अशी कंपनी होती. सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही पुण्याला आलो, काम इथूनच चालू राहिलं. तिकडच्या अकाउंटंटने कंपनीची माहिती बरोबर असल्याचं वार्षिक कन्फर्मेशन स्टेटमेंट भरलंच नाही, नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या आणि कंपनीज हाउसने, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाने, कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलं. बँकेने खातं गोठवलं. तिथल्या २००६ च्या कंपनी कायद्याच्या कलम १०१२ प्रमाणे विसर्जित कंपनीचं जे उरलं असेल ते बेवारस मालमत्ता, 'बोना व्हेकॅन्शिया', म्हणून राजसत्तेकडे ('क्राउन'कडे) जातं.

त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या नंबरवरून फोन आला. माणूस अदबीने बोलणारा. कंपनीचा नंबर, नवऱ्याचं पूर्ण नाव, विसर्जनाची तारीख, सगळं त्याला तोंडपाठ. आणि रक्कमसुद्धा: १४,८६२ पौंड. "सर, पैसे क्राउनकडे जमा आहेत, आम्ही सरकारमान्य एजंट आहोत." मेलवर पत्र आलं, वर मुकुटाचं चिन्ह, खाली सही-शिक्का. आधी ९५० पौंडांचा 'रिलीज बॉन्ड' भरायला लावला, मग 'टॅक्स क्लिअरन्स'चे २,३००. दोन्ही नवऱ्याच्या तिथल्या वैयक्तिक खात्यातून गेले. त्यानंतर 'ट्रान्सफर इन्शुरन्स' मागायला लागले, तेव्हा मी सगळे कागद पुढ्यात घेऊन बसले.

आमच्या स्टेटमेंटप्रमाणे खात्यात नऊ हजारांच्या आसपास होते. वरचे पैसे शेवटच्या इन्व्हॉइसचे आले असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. कंपनीज हाउसच्या साइटवर कंपनीचं पान उघडलं आणि शेवटचा भरलेला ताळेबंद पाहिला. ३१ मार्चची तारीख, 'कॅश ॲट बँक अँड इन हँड' या ओळीसमोर १४,८६२. पौंडालाही फरक नाही. ज्या आकड्यावर आम्ही विश्वास टाकला, तो तिथे कुणालाही फुकट दिसतो. डायरेक्टरचं नाव, पत्रव्यवहाराचा पत्ता, विसर्जनाची तारीखही तिथेच. हे लोक बंद झालेल्या कंपन्यांची पानं चाळतात आणि ताळेबंदात रोकड दिसली की फोन लावतात, याबद्दल मला आता शंका नाही. समोरच्याला आपली रक्कम माहीत आहे म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

पैसे खरोखर मिळवायचे तर आधी कंपनी पुन्हा रजिस्टरवर आणावी लागते. कंपनीज हाउसने स्वतःहून नाव काढलं असेल आणि त्या वेळी धंदा चालू असेल, तर माजी डायरेक्टर किंवा भागधारक सहा वर्षांच्या आत आरटी०१ फॉर्म भरू शकतो. २०२४ मध्ये याचं शुल्क १०० वरून ४६८ पौंड झालं. सोबत सरकारच्या बोना व्हेकॅन्शिया विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. शिवाय राहिलेले हिशेब आणि उशिराचा दंड भरावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर असेल तर एका वर्षाच्या हिशेबाला १,५०० पौंड. म्हणून थोडक्या रकमेसाठी हा खटाटोप परवडतो का, ते आधी बघा. तुम्ही स्वतः डीएस०१ हा बंद करण्याचा फॉर्म भरून कंपनी बंद केली असेल तर मात्र कोर्टातच जावं लागतं आणि तिथे सॉलिसिटर (वकील) घेणं शहाणपणाचं. स्कॉटलंडमधल्या कंपन्यांच्या बेवारस मालमत्तेसाठी वेगळं कार्यालय आहे. कंपनी परत आली की ती कधी बंदच झाली नव्हती असं कायदा मानतो, आणि पैसे कंपनीच्या खात्यात येतात. 'रिलीज बॉन्ड' नावाचा प्रकार यात कुठेच नाही.

आमचे गेलेले पैसे बँकेने १०० पौंड कापून परत केले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच दुसऱ्या खात्यात असे फसवून पैसे घेतले गेले, तर ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायचं बंधन बँकांवर आहे. तक्रार शेवटच्या पेमेंटपासून १३ महिन्यांच्या आत करावी लागते. बँक आधी टाळाटाळ करेल, तेव्हा या नियमाचा उल्लेख लेखी करा. भारतातल्या खात्यातून पैसे पाठवले असतील तर हा नियम लागू नाही. तिथे लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत.